गाणारा दगड आणि त्याची डागडुजी

सोमवार, कैरो

इजिप्त म्हटलं की आधी पिरॅमिड आणि स्फिंक्स डोळ्यांसमोर येतात. आम्हीही ते पाहिले, पण ही नोंद त्यांच्याबद्दलची नाही. लक्सरसमोर, नाईलच्या पश्चिम काठावर, उसाच्या रानांच्या कडेला दोन अवाढव्य पुतळे ३,४०० वर्षं पूर्वेकडे तोंड करून बसले आहेत. त्यांतला उत्तरेकडचा पुतळा एके काळी सूर्य उगवताना आवाज द्यायचा. दोनेकशे वर्षं लांबलांबहून लोक तो ऐकायला येत राहिले. रोमचा सम्राटही येऊन गेला. मग तो आवाज बंद पडला, तो कायमचाच. कॉलेजात असताना ही हकीकत वाचली तेव्हापासून ती मनातून गेलीच नाही. या जानेवारीत दादा आणि वहिनी इजिप्तला निघाले, तेव्हा मी त्यांच्या मागे लागले की लक्सरला नुसती एक रात्र काढून निघायचं नाही.

दादा सांगलीला पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होता, आता निवृत्त आहे. दगड, पाणी आणि माती या तिन्हींबद्दल त्याला विचारावं आणि त्याने खुलून सांगावं, असं आमचं लहानपणापासून चालत आलेलं आहे.

तहरीर चौकातल्या जुन्या वस्तुसंग्रहालयात आत शिरल्यावर मधल्या मोठ्या दालनाच्या टोकाला जी जोडी बसलेली दिसते, तिच्यापासूनच आम्ही सुरुवात केली. तिसरा आमेनहोतेप आणि त्याची राणी तिये. सात मीटर उंचीचं हे शिल्प तुकड्यांच्या रूपात सापडलं आणि इथे जुळवून उभं केलं. राणी राजाइतकीच मोठी आहे. इजिप्तमध्ये राजाच्या शेजारी राणी बहुधा त्याच्या गुडघ्याएवढी असते. इथे मात्र तिचा हात त्याच्या कमरेमागून गेला आहे आणि चेहऱ्यावर आपल्या जागेची पूर्ण खात्री आहे. वहिनी तिथून हलायलाच तयार नव्हती.

लक्सरचे ते दोन पुतळे याच राजाचे. इ.स.पूर्व १३९० ते १३५२ च्या सुमारास त्याने राज्य केलं. लढाया फारशा नाहीत, खजिना भरलेला, आणि बांधकामाची हौस अशी की त्याच्याइतके पुतळे क्वचितच कुणा राजाने घडवून घेतले असतील.

त्याच संग्रहालयात नंतरच्या काळातल्या मेर्नेप्ताह या राजाची काळी शिळा आहे. इस्राएल हे नाव सर्वांत आधी जिथे कोरलेलं सापडतं ती हीच, म्हणून तिच्यापुढे कायम गर्दी असते. दादा मागच्या बाजूला गेला. मूळ शिळा आमेनहोतेपची. त्याच्या मंदिरातून ती उचलून मेर्नेप्ताहने दुसऱ्या बाजूवर स्वतःचा पराक्रम कोरून घेतला. पुढे १८९६ मध्ये फ्लिंडर्स पेट्री या इंग्रज पुरातत्त्वज्ञाला ती मेर्नेप्ताहच्या मंदिरात मिळाली. आमेनहोतेपच्या मंदिराचं काय झालं असेल, याचा पहिला अंदाज आम्हाला इथेच आला.

रात्रीच्या गाडीने निघालो. डब्यात थंडी फार होती आणि पांघरूण पातळ.

मंगळवार, लक्सर

सकाळी हॉटेलात सामान टाकलं, फुल (शिजवलेल्या घेवड्याच्या दाण्यांचा इथला नाश्ता) आणि गरम रोटी खाल्ली आणि आधी लक्सर संग्रहालय गाठलं. छोटं, नीट प्रकाश दिलेलं, प्रत्येक मूर्तीला श्वास घ्यायला जागा असलेलं असं संग्रहालय मी फार कमी पाहिलंय. १९८९ मध्ये लक्सर मंदिराच्या अंगणात जमिनीखाली पुरून ठेवलेल्या मूर्तींचा साठा हाती लागला. त्यातला आमेनहोतेपचा तांबूस दगडाचा पुतळा इथे आहे. दोन्ही हात बाजूला, एक पाय पुढे, आणि अंगावरची झिलई अशी की दगडाला आतून ऊब असावी.

हा दगड समजून घेतल्याशिवाय त्या मोठ्या पुतळ्यांचं गूढ कळत नाही. हा क्वार्टझाइट, म्हणजे असा वालुकाश्म की ज्याच्या वाळूच्या कणांमध्ये सिलिका भरून पुन्हा दगड झालाय. ग्रॅनाइटपेक्षाही तो घडवायला चिवट. तांब्याची छिन्नी त्याच्यावर बोथट होते. त्यामुळे डोलेराइट या कठीण काळ्या दगडाचे गोटे घेऊन तो ठेचत ठेचत आकाराला आणायचा आणि मग वाळूने घासत बसायचं. मूर्तीच्या गुडघ्याजवळ डोळे नेले की झिलईखाली वाळूचे कण वेगवेगळे दिसतात, कुठे मधाच्या रंगाचे, कुठे जांभळट. कुणीतरी हा गुडघा कित्येक महिने घासला असणार.

पश्चिम काठावरचे पुतळे याच जातीच्या दगडाचे, आणि प्रत्येक एका अखंड शिळेतून काढलेला. एकेकाचं वजन ७२० टनांच्या आसपास सांगतात. हा दगड कुठून आला, हेच पहिलं कोडं. कैरोच्या ईशान्येला गेबेल अहमर, म्हणजे लाल डोंगर आहे. आता शहराने त्याला चहूकडून वेढलंय. तिथून लक्सर साधारण ६७५ किलोमीटर, आणि तेही नाईलच्या प्रवाहाविरुद्ध. हापूचा मुलगा आमेनहोतेप (राजाच्याच नावाचा, पण जन्माने साधा माणूस, बुद्धीच्या बळावर राजाच्या सगळ्या कामांचा प्रमुख झालेला आणि पुढे देव म्हणून पुजला गेलेला) आपल्या शिलालेखात राजाचे प्रचंड पुतळे उत्तरेकडून आणल्याचं सांगतो. आस्वानच्या एका खडकावर मेन नावाचा शिल्पकार कोरलेला आहे, तो स्वतःला लाल डोंगरातल्या कामांचा मुकादम म्हणवतो. १९७३ मध्ये दगडाच्या नमुन्यांची रासायनिक तपासणी झाली, तीही लाल डोंगराकडेच बोट दाखवते. काही भूशास्त्रज्ञ मात्र आस्वानच्या खाणींचा आग्रह सोडत नाहीत. तिथून आणायचं तर प्रवाहाबरोबर, आणि अंतरही कितीतरी कमी.

मी दादाला विचारलं, "तुझं मत काय?"

"सातशे टन पाण्यावर घालायचे तर पूर आलेला असताना," तो म्हणाला. "पात्र भरलेलं, खोली मिळते, दोन्ही टोकांना काठापर्यंत पाणी येतं. वर जायचं तर उत्तरेचा वारा आणि ओढणारी माणसं. अशक्य नाही. पण त्या नावेचा तराफा कसा बांधला असेल, ते मला कुणी चितारून दाखवायला हवं."

तसं चित्र कुठे मिळत नाही. त्याआधीच्या हातशेप्सुत राणीच्या काळात ओबेलिस्क, म्हणजे उंच निमुळते अखंड दगडी स्तंभ, वाहून नेणाऱ्या नावेचं कोरीव चित्र देर अल बहारीला आहे, पण या पुतळ्यांच्या प्रवासाचं काहीच नाही.

संध्याकाळी लक्सर मंदिरात गेलो. त्यातली उंच खांबांची रांग आणि आतलं अंगण याच राजाचं. दिवे लागल्यावर ते फार सुंदर दिसतं. त्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून मी लिहीत नाही.

बुधवार, पश्चिम काठ

पहाटे अंधारात गाडी सांगितली आणि पुलावरून पश्चिम काठावर गेलो. पुतळे रस्त्यालगतच आहेत. तिकीट नाही, दार नाही, पुढे फक्त एक कठडा. पोचलो तेव्हा आभाळ नुकतं राखाडी होत होतं. थंडी चांगलीच बोचत होती. मागे थेबेसचा, म्हणजे प्राचीन लक्सरचा, उघडा डोंगर, पुढे शेतं, आणि मधे हे दोन काळे आकार.

बसलेला राजा, दोन्ही हात मांड्यांवर. आजची उंची साधारण १८ मीटर. चेहरे जवळजवळ गेलेच आहेत. नाक, डोळे, ओठ काही उरलेलं नाही, तरी मान ताठ आहे आणि बसण्यात घाई नाही. दक्षिणेकडचा पुतळा भेगाळलेला असला तरी एकसंध वाटतो. उत्तरेकडचा कमरेपर्यंत एक दगड आहे आणि त्यावर चिऱ्यांचे थर रचून छाती, खांदे आणि डोकं उभं केलंय. उजाडत गेलं तशी ती बांधकामाची रेघ स्पष्ट झाली. खालचा दगड तांबूस, वरचे चिरे त्याच कुळातले पण रंगाने वेगळे. तपासणीत हे वरचे चिरे दक्षिणेकडच्या खाणीतले निघाले. सगळी हकीकत त्या एका रेघेत आहे.

इ.स.पूर्व २७ च्या भूकंपात उत्तरेकडचा पुतळा कमरेपासून मोडला आणि वरचा भाग खाली पडला, असं सर्वसाधारणपणे सांगतात. त्यानंतर काही वर्षांतच स्ट्राबो हा ग्रीक भूगोलकार तिथे आला. त्याने लिहून ठेवलंय की उरलेल्या भागातून दिवसाच्या पहिल्या प्रहरी हलक्या आघातासारखा आवाज आला, तो त्याने स्वतः ऐकला. तो चौथऱ्यातून आला, पुतळ्यातून आला की आसपास उभ्या असलेल्या कुणी मुद्दाम काढला, हे मात्र सांगता येत नाही, असंही तो प्रामाणिकपणे म्हणतो. दुसऱ्या शतकातल्या पॉसानियस या ग्रीक प्रवाशाला तो वीणेची तार तुटल्यासारखा वाटला. तंबोरा लावताना तार खुंटीशी तुटली की जो एक कोरडा टणत्कार होतो, तो ज्यांनी ऐकलाय त्यांना पॉसानियस काय म्हणतो ते लगेच कळेल.

ग्रीकांनी या पुतळ्याला मेम्नॉन ठरवलं. मेम्नॉन हा इथिओपियाचा राजा, उषादेवी एऑसचा मुलगा, ट्रॉयच्या युद्धात अकिलीसच्या हातून मेला. आई रोज पहाटे त्याच्यासाठी रडते, तिचे अश्रू म्हणजे दव, आणि तिला पाहून तो हाक देतो. आमेनहोतेपचा या कथेशी काही संबंध नाही. पण ही गोष्ट मला मनापासून आवडते, कारण तिच्यात दव आहे, आणि आवाजाचं खरं कारण शोधणारेही शेवटी दवापाशीच येऊन थांबले.

दुर्बीण लावून मी पाय पाहत होते. घोट्यापासून वरपर्यंत ग्रीक आणि लॅटिन अक्षरं आहेत. शंभरावर लेख आहेत. पहिल्या शतकापासून तिसऱ्याच्या सुरुवातीपर्यंत येऊन गेलेल्यांनी आपण आवाज ऐकल्याची साक्ष दगडावर ठेवली आहे. प्रांताधिपती आहेत, सैनिक आहेत, कवी आहेत. एका रोमन शताधिपतीने तर इ.स. ८० आणि ८१ मध्ये ज्या ज्या दिवशी ऐकलं त्या तारखांची यादीच दिली आहे. तो जवळपासच्या छावणीत असणार, आणि सवड मिळाली की पहाटे येऊन बसत असणार. इथे येऊन गेलेल्या हेड्रियन या रोमन सम्राटाबद्दल पुस्तकं भरून लिहिलेलं आहे. मला ओढ वाटते ती या शताधिपतीची.

तरी हेड्रियनची हकीकत सांगायलाच हवी. इ.स. १३० च्या नोव्हेंबरात तो आणि सम्राज्ञी साबिना इथे आले. थोड्याच दिवसांपूर्वी त्याचा जिवलग अँटिनोअस नाईलमध्ये बुडून मेला होता. सोबत जूलिया बाल्बिला ही कवयित्री होती. तिच्या चार कविता डाव्या पायावर कोरल्या आहेत, त्याही सॅफो या प्राचीन ग्रीक कवयित्रीच्या जुन्या बोलीत. पहिल्या दिवशी मेम्नॉन गप्प राहिला. बाल्बिलाने त्याची बाजू घेतली की सुंदर साबिना पुन्हा यावी म्हणूनच तो बोलला नाही. पुढे तो बोलला, हेड्रियनला एकाहून अधिक वेळा ऐकू आला, तेव्हा बाल्बिलाने त्यालाही देवांची मर्जी म्हटलं. दुःखात बुडालेला तो माणूस थंडीत उभा राहून दगडाच्या आवाजाची वाट पाहत होता, हे त्या पायांपुढे उभं असताना वाचून माझा गळा दाटून आला.

एवढ्यात सूर्य वर आला. डोंगर आधी गुलाबी झाला, मग उन्हाची कड पुतळ्यांच्या डोक्यावरून खाली उतरली. मागच्या शेतातून गरम हवेचे फुगे वर चढत होते, त्यांच्या शेगड्यांचा फुस्कारा मधूनमधून येत होता. वरच्या चिऱ्यांच्या फटींतून चिमण्या आणि पारवे बाहेर पडले. दगड काही बोलला नाही.

आम्ही बराच वेळ तिथेच बसून कारणांबद्दल बोलत राहिलो. एक जुना तर्क असा की पुजारी आत लपून आवाज काढायचे. १९ व्या शतकात गार्डनर विल्किन्सन हा इंग्रज अभ्यासक पुतळ्यावर चढला. मांडीवर त्याला एक दगड सापडला, त्यावर ठोकलं की धातूसारखं वाजायचं. खाली उभ्या असलेल्या शेतकऱ्यांना त्याने विचारलं, तर ते म्हणाले, तुम्ही तांब्यावर मारताय. झालं, लबाडी सापडली असं त्याला वाटलं. पण फ्रेंच विद्वान लेत्रोन्नने पायांवरचे सगळे लेख एकत्र लावून पाहिले आणि एक साधी गोष्ट पुढे आणली. आवाजाचा एकही पुरावा पुतळा मोडण्याच्या आधीचा नाही आणि वरचे चिरे बसवल्यानंतरचाही नाही. जेवढी वर्षं तो अर्धा होता, तेवढीच वर्षं तो बोलला.

"मग सरळ आहे," दादा म्हणाला. "मोडलेलं तोंड उघडं, भेगा खोल. रात्री दव आत मुरतं, दगड थंड पडतो. सकाळी ऊन थेट मोडलेल्या भागावर येतं. वरचा थर तापतो, आतला गार. ओल सुटते, ताण बसतो, भेगेची कड किंचित सरकते आणि कण्णकन वाजतं. वर चिऱ्यांचं ओझं ठेवलं की भेग दबली. आता कसली वाजते?"

बहुतेक अभ्यासकांचं म्हणणंही याच वळणाचं आहे. दव, ऊन आणि भेग. नक्की कुठली भेग, किती खोल, ते आता तपासता येणार नाही, कारण ती चिऱ्यांखाली गेली.

ही डागडुजी कुणी केली? सेप्टिमियस सेव्हेरस या रोमन सम्राटाचं नाव घेतात. इ.स. १९९ च्या सुमारास तो इजिप्तला आला होता आणि मेम्नॉन पाहून गेला होता. त्याला आवाज ऐकू आला नाही, म्हणून देवाला प्रसन्न करायला त्याने पुतळा पुरा करून दिला, असं मानतात. त्याच्या नावाचा लेख मात्र पुतळ्यावर नाही. राजाश्रय देऊन केलेल्या एवढ्या मोठ्या कामावर नाव कोरू नये, हे रोमनांच्या स्वभावात बसत नाही. म्हणूनच काहींना ही ओळख पटत नाही. मलाही ती पुरती पटत नाही. पण बांधणाऱ्यांचा हेतू चांगला होता, याबद्दल मला शंका नाही. भग्न मूर्ती पाहवत नाही, ती सावरावी असं वाटणं फार माणुसकीचं आहे. त्यांनी चिरे घडवून वर चढवले, रेषा जुळवल्या, खांदे दिले, डोकं दिलं आणि नकळत त्याचा आवाज घालवला. त्या आवाजाची मला हळहळ वाटते. तरी मोडका पुतळा तसाच ठेवायला हवा होता, असं काही मी म्हणणार नाही. उघड्या भेगेत रोज ओल आणि ऊन, म्हणजे तो दगड आवाज देत देत फुटतच होता.

निघताना सिंहासनाच्या बाजूचं कोरीवकाम पाहिलं. दोन पुष्ट शरीराचे नाईलदेव, एक कमळाचा देठ आणि एक पपायरसचा देठ, दोघे मिळून त्यांची गाठ मारताहेत. दक्षिण आणि उत्तर इजिप्त एक झाल्याची ही खूण. गाठ ओढताना एकाने पाय त्या खुणेवर टेकवलाय, पायाला जोर आहे. राजाच्या पायांपाशी तिये आणि राजाची आई मुतेम्विया उभ्या आहेत. पहाटेच्या तिरप्या उन्हातच हे नीट दिसतं, दुपारी सपाट होऊन जातं. कुणी जाणार असेल तर पहाटेच जावं.

गुरुवार, कोम अल हेतान

पुतळ्यांपुढे गाड्या थांबतात, लोक फोटो काढतात आणि दहा मिनिटांत राजांच्या खोऱ्याकडे, म्हणजे राजांची थडगी आहेत तिकडे, निघून जातात. खरं तर हे दोघे दारावरचे राखणदार. त्यांच्या मागे, कोम अल हेतान नावाच्या या जागी, आमेनहोतेपचं जे मंदिर होतं, ते लक्सरच्या कर्नाक या अवाढव्य मंदिराच्या तोडीचं होतं. आत शिरल्यापासून शेवटच्या भिंतीपर्यंत सुमारे ७०० मीटर. आज रस्त्यावरून पाहिलं तर मोकळं मैदान, गवत आणि इथे तिथे उभे केलेले पुतळे.

इ.स.पूर्व १२०० च्या सुमारास मोठा भूकंप झाला आणि मंदिर कोसळलं. जमीन नाईलच्या गाळाची, पाया पुराच्या पाण्यात. मग पुढच्या राजांनी दगड नेले. जवळच मेर्नेप्ताहच्या मंदिराची जागा आहे, तिथे आम्ही सकाळ घालवली. त्या मंदिराच्या पायात आणि भिंतींत आमेनहोतेपच्या मंदिराचे चुनखडीचे कोरीव दगड उलटे घालून वापरलेले सापडले. चित्र आतल्या बाजूला वळवल्यामुळे रंग टिकले. पिवळा, निळा, लाल, जणू कालच लावलेला. ज्याने लुटलं त्याच्याच भिंतीत ते सुरक्षित राहिलं.

१९९८ पासून हूरिग सुरूझियान यांच्या नेतृत्वाखालचं पथक या मैदानात काम करतंय. ओल्या मातीतून शेकडो टनांचे तुकडे बाहेर काढायचे, मीठ धुऊन काढायचं, कोणता तुकडा कुठला ते जुळवायचं आणि मूळ जागी उभं करायचं. सेखमेत देवीच्या सिंहमुखी मूर्ती इथून ढिगाने मिळाल्या. दुसऱ्या दरवाज्यापाशी आणि उत्तरेच्या दारापाशी मोठे पुतळे २०१४ मध्ये उभे राहिले, आणि तिसऱ्या दरवाज्यापाशी अलाबास्टर या पांढरट दगडाची जोडी अगदी आता, २०२५ च्या डिसेंबरात. कठड्याबाहेरून ती पांढरी जोडी दिसते. जिथे तुकडा नाही तिथे जागा रिकामीच आहे किंवा साधं भरण आहे. अंदाजाने चेहरा करून बसवलेला नाही. रोमनांच्या चिऱ्यांनंतर हे पाहिल्यावर मला फार बरं वाटलं.

दादाचं लक्ष मात्र जमिनीकडे होतं. मैदानाच्या कडेला उसाचं पीक उभं, तोडणी चालू, मोळ्या भरलेल्या चिमुकल्या वाघिणी रुळांवरून कारखान्याकडे निघालेल्या. तो वाकून मातीचा पापुद्रा पाहत होता. वर पांढरी भुकटी.

"क्षारपड," तो म्हणाला. "शिरोळात, मिरजेच्या खालच्या पट्ट्यात आपण हेच पाहिलं. बारमाही पाणी, निचरा नाही, की जमिनीतलं मीठ वर येतं. तिथे पीक मरतं, इथे दगड मरतो."

१९७० मध्ये आस्वानचं उंच धरण पुरं झालं आणि नाईलचा वार्षिक पूर थांबला. त्याआधी दरवर्षी पुराचं पाणी पुतळ्यांच्या पायापर्यंत यायचं. जुन्या छायाचित्रांत ते तळ्यात बसल्यासारखे दिसतात. पूर येताना गाळ आणायचा आणि ओसरताना मीठ धुऊन न्यायचा. आता पूर नाही, पण कालव्याचं पाणी वर्षभर आहे. भूजल वर चढतं, दगड ते शोषून घेतो, पृष्ठभागावर पाणी उडून जातं आणि मिठाचे स्फटिक आत राहतात. ते फुगले की दगडाची साल सुटते. पश्चिम काठावर भूजल खाली नेण्यासाठी निचऱ्याच्या नळ्या आणि पंप बसवलेत, ते दादाने अर्धा तास हिंडून पाहिले. एका शेतकऱ्याने आम्हाला उसाचं कांडं सोलून दिलं. ऊस पिकवू नका असं त्याला कुठल्या तोंडाने सांगायचं? सांगलीत तरी कोण कुणाला सांगू शकलं?

शुक्रवार, पश्चिमेचं खोरं

आमेनहोतेपचं थडगं मुख्य खोऱ्यात नाही, बाजूच्या एकांत खोऱ्यात आहे. बरीच वर्षं डागडुजी चालली होती, २०२५ च्या ऑक्टोबरात ते लोकांसाठी उघडलं. उतार तीव्र आहे, गुडघ्यांचा त्रास असेल तर विचार करून जावं. भिंतींवर राजाला देवता जीवनाची खूण देताहेत. चोरांनी आणि संग्राहकांनी काही चेहरे कापून नेलेत, त्या चौकोनी जागा डोळ्यांना टोचतात. शवपेटिकेचं फक्त झाकण तिथे आहे.

हे थडगं नोंदवलं नेपोलियनच्या मोहिमेतल्या जोल्वा आणि द व्हिलिये या दोन तरुण इंजिनिअरांनी, १७९९ मध्ये. नावं ऐकून मी थबकले, कारण मेम्नॉनच्या चर्चेत हेच दोघे भेटतात. कर्नाकच्या मधोमध असलेल्या ग्रॅनाइटच्या गाभाऱ्यात सूर्योदयाला तार तुटल्यासारखा आवाज ऐकल्याची साक्ष त्यांनी आणि त्यांचा सहकारी जोमार यांनी दिली आहे. म्हणजे आवाज एकट्या मेम्नॉनचा नव्हता. दव, ऊन आणि भेग जिथे जुळतील तिथे दगड बोलतो.

शनिवार, कर्नाक

दार सकाळी सहाला उघडलं आणि आम्ही सरळ आत चालत गेलो. तो ग्रॅनाइटचा गाभारा अलेक्झांडरचा सावत्र भाऊ फिलिप अऱ्हिडेयस याच्या नावाने बांधलेला आहे. छताच्या शिळांवर निळ्या रंगात तारे अजून दिसतात. मी भिंतीपासून वीतभर अंतरावर कान नेऊन उभी राहिले. वहिनी दाराशी थांबून आलेल्या लोकांना हाताने हळू बोलायची विनंती करत होती आणि लोक तिचं ऐकतही होते. ऊन आत आलं, भिंतीवरून खाली सरकलं. आवाज आला नाही. थोड्या वेळाने एक मोठा गट आला आणि मग ऐकण्यासारखं काही राहिलंच नाही.

तिथल्या पहारेकऱ्याने विचारलं, काय ऐकताय? आमच्या चालकाने भाषांतर करून सांगितलं. तो हसला नाही. उन्हाळ्यात दुपार कलल्यावर दगड निवू लागले की कधी कधी तडतडतात, असं त्याने सांगितलं. तो लहानपणापासून या मंदिरात वावरलाय, त्याचे वडीलही इथेच कामाला होते. मी त्याला पुन्हा विचारलं, पहाटे? त्याने मान हलवली. पहाटे आम्ही झाडतो, तो म्हणाला, झाडूच्या आवाजात कळायचं कसं.

मेम्नॉनच्या पायांवरच्या तारखांत फेब्रुवारी आणि मार्च जास्त आहेत. ते प्रवासाचे दिवस होते म्हणून असेल, किंवा तेव्हा दव आणि ऊन यांचा मेळ बरा बसत असेल. दादाने परतीच्या गाडीत कागदावर दोन्ही शक्यता लिहिल्या, खाली लक्सरच्या रात्रीच्या आणि दिवसाच्या तापमानाचे आकडे मांडले, आणि पुढच्या वेळी मार्चच्या पहिल्या आठवड्यात यायचं असं ठरवून टाकलं. वहिनीला सेंट पीटर्सबर्गला जायचंय, कारण याच मंदिरातले दोन स्फिंक्स १८३० च्या दशकापासून तिथे नेवा नदीच्या घाटावर आहेत. आधी कुठे जायचं यावर त्या दोघांचं अजून एकमत झालेलं नाही.